पुरुषांच्या भिंतीला लागलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. किती जुनी ते विचारू नका. बाईला वय विचारायचे नसते, एवढे तुमच्या घरी शिकवले असेलच. मी तुम्हाला गोंजारून गोष्ट सांगेन, अशीही आशा धरू नका. मला माणसे आवडत नाहीत. माणसाचा जो भाग जन्मभर माझ्या वाट्याला आला, तो तुमच्या वाट्याला आला असता तर तुम्हालाही आवडली नसती. आणि हो, तुमच्यापैकी कुणीतरी माझ्या पाठीवर ओला कोट टाकला आहे. तो आधी काढा.

बोका बंदराच्या धक्क्यापाशी बाचिचा नावाचा सुतार राहत असे. बोएदो पेठेतल्या आमच्या क्लबाने त्याला नाचाच्या दालनासाठी खुर्च्या करायला सांगितल्या. माझ्या बहिणी त्याने शीळ घालत केल्या. माझी पाळी आली त्या दिवशी त्याची दाढ ठणकत होती. दाढेवरचा सगळा राग त्याने खिळ्यांबरोबर माझ्यात ठोकला. त्यामुळे माझा मागचा डावा पाय आखूड राहिला आणि स्वभाव तिरका झाला. बाचिचाची दाढ पुढे पडली, पण माझा ठणका आजवर थांबलेला नाही. लाकडाला राग नसतो असे म्हणणाऱ्यांनी नवे कोरे पायमोजे घालून एकदा माझ्यावर बसून पाहावे. बैठकीच्या कडेला माझे एक बारीक कुसळ आहे. त्याने मी या पेठेतल्या निम्म्या बायकांचे मोजे उसवले आहेत. उरलेल्या निम्म्या उभ्याच राहतात.

आमचे दालन म्हणजे आठवडाभर पोरांचे चेंडू खेळायचे मैदान. भिंतीवरचे चेंडू टाकायचे लोखंडी कडे रविवारीही कुणी काढत नसे. रविवारी दुपारी त्याच लाकडी जमिनीवर मेणाचा हात फिरे, कॅसेट लागे, आणि त्या कड्याखाली टँगो सुरू होई. सोमवारी चेंडू माझ्या पाठीत बसे आणि रविवारी माणूस मांडीवर. दोन्हींत चेंडू बरा, तो लवकर उठतो.

रविवारच्या नाचाचा कारभार रेमिहियो पाहत असे. केसांना तेल थापलेला, हसताना फक्त वरचे दात दाखवणारा माणूस. दारात उभा राहून तो प्रत्येकाला जागा नेमून देई. रस्त्याकडची भिंत पुरुषांची, स्वयंपाकघराकडची बायकांची. चांगल्या नाचणाऱ्या किंवा तरुण बायका पुढच्या रांगेत. ज्यांच्यावर त्याचा राग असे त्या खांबामागे, संडासाच्या दाराशी. पुढची रांग म्हणजे काय, हे तुम्हाला समजायला हवे. आमच्यात पुरुष बाईपाशी येऊन “चला नाचू” म्हणत नाही. तो आपल्या भिंतीवरून तिच्या डोळ्यांत बघतो आणि मान किंचित हलवतो. तिला यायचे असेल तर तीही बघते आणि मान हलवते. यायचे नसेल तर पंखा, पर्स, छत, काहीही बघते. कुणाचा अपमान होत नाही, कारण कुणी काही बोललेलेच नसते. पण खांबामागे बसलेल्या बाईचे डोळे कुणाला दिसणार? तिने नुसते बूट बदलायचे, ग्लासातल्या वर्मुथ दारूतला बर्फ विरघळताना पाहायचा आणि पुन्हा बूट बदलून घरी जायचे.

मान हलवण्याचीही कला असते बरे का. फुल्हेन्सियो नावाच्या एका गृहस्थाने एकदा इतक्या झटक्याने मान हलवली की त्याचा केसांचा टोप उडाला, जमिनीवरून घसरत आला आणि पुढच्या रांगेतल्या क्लोतिल्देच्या पायांशी थांबला. क्लोतिल्देने तो उचलला, झटकला, आणि तोच खांद्यावर ठेवून फेरीची चारही गाणी नाचली. फुल्हेन्सियो बसून राहिला. टोप त्याच्यापेक्षा बरा नाचला, असे सगळ्या बायकांचे मत पडले. खोटे वाटत असेल तर माझ्या बहिणींना विचारा.

आता आयदेचे सांगते.

आयदे कार्रिसो कमरपट्टे आणि काचोळ्या शिवत असे. आठवडाभर ती दुसऱ्यांची पोटे आवळी, आणि रविवारी दुपारी स्वतःची कंबर मोकळी करायला आमच्याकडे येई. उंच, हाडापेराची, जिवणी सुईने टाचल्यासारखी मिटलेली. पुढच्या रांगेत मधोमध मी होते, आणि माझ्यावर ती. माझ्या आखूड पायाखाली ती घरून आणलेले बूच सरकवी. ते प्रेमाने नव्हे. मी डुगडुगले की पुरुषांना वाटे बाईच डुगडुगते आहे. बूच ठेवताना ती दर वेळी मला एक शिवी देई आणि मी दर वेळी तिचा मोजा ओढी. असे आमचे चांगले चालले होते.

ती नाचत असे फार नेटकी. तिचा भाऊ इस्माएल पोरगा असताना त्याला घराच्या फरसबंद चौकात टँगो शिकावा लागला. त्या काळी पुरुष आधी बाईचे पाय शिकत, मग पुरुषाचे. मोठे भाऊ त्याला हिडीसफिडीस करत, म्हणून पुरुषाचे पाय आयदेने टाकले आणि इस्माएल तिच्या हातात बाईसारखा नाचला. पुढे तो लग्न करून रोसारियोला गेला आणि नाच विसरला. आयदे विसरली नाही. पण त्या पायांचा आमच्या दालनात काय उपयोग? इथे ती बायकांच्या भिंतीला बसे आणि कुणी मान हलवली की मागे मागे चालत जाई.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर ओफेलिया बसे. शिक्षिका होती, निवृत्त. अत्तर इतके लावी की माझ्या वार्निशला चक्कर येई. या दोघींचे वर्षानुवर्षे बोलणे नव्हते. त्याचे कारण एवारिस्तो.

एवारिस्तो लुसुरियागा म्हणजे आमच्या दालनाचा कोंबडा. पांढरा रुमाल, टाचेचे बूट, कोपऱ्यातले ठरलेले टेबल. एका रविवारी त्याने आमच्या बाजूला बघून मान हलवली. आयदेला वाटले आपल्याला, ओफेलियाला वाटले आपल्याला. दोघी उठल्या. खुर्च्यांना खुर्च्या लागून असल्या की असे होते. खानदानी पुरुष अशा वेळी चालत येताना एकीवरच नजर ठेवतो, म्हणजे दुसरीला वेळेवर कळते आणि ती गुपचूप बसते. एवारिस्तो मात्र छताकडे बघत, मजा घेत आला. दोघी पार जमिनीच्या कडेपर्यंत पोचल्या, आणि मग त्याने ओफेलियाचा हात धरला. आयदे सगळ्या दालनासमोर उभी राहिली. मग संडासाला निघाल्यासारखे दाखवून ती तशीच चालत राहिली आणि ते गाणे संपेपर्यंत बाहेर आली नाही. राग एवारिस्तोवर यायला हवा होता, पण तो ओफेलियावर आला. माणसे अशीच असतात. लाथ गाढव मारते आणि शिव्या शेजारच्या खुंट्याला.

त्यानंतर दोघी माझ्यामार्फत बोलत. आयदे मला म्हणे, “काय गं डुगडुगे, आज कुणीतरी अत्तराच्या पिंपात पडून आलंय वाटतं.” ओफेलिया आपल्या खुर्चीला म्हणे, “काही लोकांना शिवण येते, बोलणं शिवता येत नाही.” दोन्ही बाजूंचे विष आम्ही खुर्च्यांनी प्यायचे.

मग तो दिवस आला. एवारिस्तोने आयदेला मान हलवली, तीही उठली. त्याच्यात एक खोड होती. नाचता नाचता तो बाईला शिकवी. आमच्यात हे फार वाईट समजतात. शिकवायचे असेल तर घरी शिकवा, इथे नाचा. पहिल्या गाण्यात तो म्हणाला, हात हलका ठेवा. दुसऱ्या गाण्यात तो आजूबाजूच्या जोड्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, “हलक्या चाला बाई, कपाट सरकवत नाही आहोत आपण.” शेजारचे एक जोडपे हसले.

आयदे थांबली. तिने त्याचा हात आपल्या पाठीवरून काढला, घडी केलेले कापड परत करावे तसा त्याच्याकडे दिला आणि म्हणाली, “ग्रासिआस.”

बाहेर हा शब्द चांगला आहे. पण आमच्यात चार गाण्यांची फेरी संपायच्या आत आभार मानले, म्हणजे तोंडावर दार लावले. पुरुषाने बाईला तिच्या खुर्चीपर्यंत पोचवायचे असते. इथे बाईच निघून आली आणि एवारिस्तो भर जमिनीवर उभा राहिला, हात अजून नाचाच्या आकारात. अहाहा, मित्रांनो. त्या दिवशी मी तिचा मोजा ओढला नाही.

पुढच्या रविवारी रेमिहियो दारातच म्हणाला की पुढच्या रांगेत जागा नाही. आयदेने माझ्याकडे बोट दाखवले, मी रिकामीच होते. तेव्हा तो वरचे दात दाखवत म्हणाला, “ती डुगडुगते. तीही मागे चालली आहे. तुम्हाला सोबत होईल.” आणि त्याने मला पाठीला धरून ओढले. उचलले नाही, ओढले. सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशी माझ्या पायांची किंचाळी निघाली, आणि जमिनीवर एक पांढरा ओरखडा उठला. खांबामागे, संडासाच्या दाराशी, मी आणि आयदे.

एवारिस्तोने आपल्या टेबलावर सांगून ठेवले की त्या बाईला जो मान हलवेल त्याने इथे ग्लास ठेवायचा नाही. पुरुष मोठे शूर. रस्त्यात मोटारीसमोर उडी मारतील, पण एवारिस्तोच्या टेबलावरचा ग्लास सोडणार नाहीत. आयदे दर रविवारी यायची, नाचाचे बूट चढवायची, खांबाच्या कडेने मान लांब करायची. कुणाची नजर तिच्यावर पडली की ती नजर लगेच छताकडे जायची. मग आयदे बूट उतरवायची. दुसऱ्या क्लबात जा, असे क्लोतिल्देने तिला सांगून पाहिले. आयदे म्हणाली की दुसरीकडे अनोळखी बाईलाही खांबामागेच बसवतात. निदान हा खांब ओळखीचा आहे. आणि नाच सोडावा, तर तिला सोमवार आणि रविवार यांतला फरक सांगणारे आता दुसरे काही उरलेले नव्हते. हे शेवटचे ती क्लोतिल्देला नाही, मला म्हणाली. बूच सरकवताना. शिवी द्यायची त्या दिवशी विसरली.

मला तिची दया आली असे समजू नका. संडासाचे दार दर मिनिटाला माझ्या पाठीवर आपटत होते, मला माझेच पुरे होते.

पुढच्या रांगेत माझ्या जागी नवी लोखंडी खुर्ची आली, घडी होणारी, बेशरम. ओफेलिया मात्र तिथेच होती, पण तिचेही दिवस फिरले होते. एवारिस्तो आता जर्मनीहून शिकायला आलेल्या एका पोरीला मान हलवी. ओफेलिया पुढच्या रांगेत बसून खांबामागचेच आयुष्य जगत होती. अत्तर तेवढे वाढले होते.

मग एका रविवारी काय झाले ते ऐका. एक फेरी संपली. दोन फेऱ्यांच्या मध्ये थोडा वेळ भलतीच धून लागते, तेव्हा सगळ्यांनी जमीन मोकळी करून आपापल्या भिंतीला जायचे असते. जमीन मोकळी झाली. आयदे उठली. तिने माझ्या पायाखालचे बूच काढून खिशात टाकले. मग तिने मला उचलले.

मित्रांनो, मला जन्मात कुणी उचलले नव्हते. बाचिचाने फेकले, हमालांनी टाकले, रेमिहियोने ओढले. ही बाई मला छातीशी धरून त्या मोकळ्या जमिनीच्या मधोमध चालत निघाली. माझा एकही पाय मेणाला लागला नाही. पलीकडे पोचल्यावर तिने मला पुरुषांच्या भिंतीला लावले, एवारिस्तोच्या टेबलाशेजारी, बूच सरकवले आणि बसली.

रेमिहियो धावत आला. ही पुरुषांची जागा आहे, असे तो म्हणाला.

“खुर्ची माझी आहे,” आयदे म्हणाली. “तुम्हीच दिलीत. सोबत होईल म्हणालात.”

“खुर्ची तुमची असेल बाई. भिंत पुरुषांची आहे.”

आयदेने मागे वळून भिंत नीट न्याहाळली. “मिशा दिसत नाहीत कुठे.”

दोन-तीन पुरुष हसले आणि एवारिस्तोकडे बघून गप्प झाले. रेमिहियोचे वरचे दात झाकले गेले. तो हळू आवाजात म्हणाला, “इथे बसून करणार काय तुम्ही?”

“तुमचाच नियम आहे ना? या भिंतीला बसतो तो बोलावतो. त्या भिंतीला बसते ती उठते. मी या भिंतीला बसले आहे.”

“आणि तुमच्यासाठी कोण उठणार?” हे एवारिस्तो बोलला, ग्लासात बघत. “कपाट?”

तेवढ्यात टँगो सुरू झाला. कारभाऱ्याने चालू गाण्यात भांडण करायचे नसते, म्हणून रेमिहियो दाराकडे गेला आणि तिथून डोळे वटारत उभा राहिला. आयदेने समोर पाहिले. पुढच्या रांगेत एकीने पंखा काढला. दुसरीने पर्समध्ये तोंड घातले. तिसरी जमिनीवरच्या माझ्या जुन्या ओरखड्याकडे बघू लागली. बायकाच त्या, आयदेच्या शेजारी जन्म काढलेल्या, तिने शिवलेल्या काचोळ्या अंगात घातलेल्या. काचोळी अंगात असताना शिवणारणीच्या डोळ्यांत बघायला जोर लागतो. जोड्या जमिनीवर उतरल्या. एवारिस्तो आपल्या जर्मन पोरीला घेऊन आमच्या समोरून मुद्दाम हळू गेला. गाणे निम्मे सरले. आयदेने माझ्या बैठकीची कड दोन्ही हातांनी गच्च धरली होती. ती हे कधी कबूल करणार नाही, पण मला कळते.

मग तिने ओफेलियाकडे पाहिले. दुसरे कुणी उरलेच नव्हते. पाहिले आणि मान हलवली, किंचित, जशी हलवायची असते तशी.

ओफेलियाने छताकडे पाहिले नाही. रागाने पाहिले, पण आयदेकडेच पाहिले. आणि उठली.

आणि तिच्या शेजारची क्लोतिल्देही उठली.

पुन्हा तेच. एक मान आणि दोन बायका. सगळे दालन टक लावून पाहू लागले. एवारिस्तो तर नाचता नाचता वळला. त्याला हा खेळ ओळखीचा होता. आता आयदे कुणाला जमिनीच्या कडेवर उभी करते, ते त्याला पाहायचे होते.

आयदे माझ्यावरून उठली. ओफेलियावरची नजर तिने शेवटपर्यंत हलवली नाही, म्हणजे क्लोतिल्देला पहिल्या दोन पावलांतच कळले आणि ती खुर्चीकडे वळू लागली. पण आयदे तिच्यापाशीही थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, “पुढची फेरी तुमची, सेन्योरा. बूट उतरवू नका.”

क्लोतिल्दे टोप उडाल्याच्या दिवशी नाचली नव्हती एवढ्या ऐटीत बसली.

मग आयदेने ओफेलियाच्या पाठीवर हात ठेवला. पहिली काही पावले वाईट पडली. मी खोटे बोलणार नाही, निदान इथे नाही. मग तिच्या पायांना घरचा फरसबंद चौक आठवला. ती पुढे चालू लागली आणि ओफेलिया मागे. दोघींच्या चेहऱ्यांवर असा तिरस्कार होता की कुणालाही वाटावे, या आता एकमेकींना चावतील. आणि पाय मात्र असे पडत होते की चेंडूच्या कड्याखालची सगळी जोडपी हळू झाली. एवारिस्तोने मागून येऊन त्यांना कोपर मारायचा बेत केला. आयदेने ओफेलियाला शांतपणे बाजूला वळवले, आणि एवारिस्तो आपल्या जर्मन पोरीसकट पुढच्या जोडप्यात घुसला. धडक झाली तर लाज जोडी चालवणाऱ्याची. त्याला मान झुकवून माफी मागावी लागली. तीही फुल्हेन्सियोची.

दोन गाण्यांच्या मध्ये जोड्या उभ्या राहून दोन शब्द बोलतात. या दोघी माझ्यासमोरच थांबल्या होत्या, म्हणून मला ऐकू आले.

“तुझा हात ओला आहे,” ओफेलिया म्हणाली.

“तुझ्या अत्तराने डोळ्यांतून पाणी येतंय माझ्या.”

“मग सोड ना मला. म्हण ग्रासिआस.”

“चौथं गाणं संपू दे.”

चौथे संपले. आयदेने तिला तिच्या खुर्चीपर्यंत पोचवले, अगदी पाठ टेकेपर्यंत, जसे करायचे असते. ओफेलियाने बसून स्कर्ट सारखा केला आणि वेळेवर, नीट, “ग्रासिआस” म्हटले. मग खालच्या आवाजात म्हणाली, “मी तुझ्याशी बोलणार नाहीये. हे समजून अस.”

“बोलू नकोस,” आयदे म्हणाली. “नुसती बघ.”

मित्रांनो, पुढे सगळे गोड झाले असे तुम्हाला वाटत असेल तर तुम्हाला आमचे दालन कळलेले नाही. त्या दोघी अजूनही बोलत नाहीत. एवारिस्तो आमच्या बाजूने जाताना माझ्या पायाला बूट मारतो. रेमिहियोने मला ओढून मागे न्यायचा प्रयत्न केला. तेव्हा माझ्या कुसळाने त्याचा अंगठा असा धरला की त्याला आठवडाभर दुसऱ्याकडून भांग पाडून घ्यावा लागला. मी पुरुषांच्या भिंतीलाच आहे. आयदे बसते, ती आली नाही त्या रविवारी क्लोतिल्दे येऊन बसते, आणि परवा ती जर्मन पोरगी बसली होती. तिचाही मोजा मी ओढला. भेदभाव मला जमत नाही.

आता आमच्यासारख्या जुन्या वस्तूंनी शेवटी काही मागायचे असते, म्हणून मागते. खुर्ची ओढू नका, उचला. ओढलेल्या खुर्चीचा ओरखडा जमिनीवर राहतो आणि आवाज तिच्या पोटात. आणि कुणाला त्याच्या जागेवरून उठवायचे असेल तर छताकडे बघत उठवू नका. नीट त्याच्याचकडे बघा, आणि तो उठला तर परत त्याच्या जागेपर्यंत पोचवा. एवढे जमत नसेल तर घरी बसा, आपल्या स्वतःच्या खुर्चीवर; तिची मला काळजी वाटते.

कोट अजून माझ्या पाठीवर तसाच आहे. आयदे येण्याची वेळ झाली. काढा तो.